सगळं हिरवं, बोर्ड काळा

ऑफिसात त्याला सगळे प्लंबर म्हणायचे. नळ दुरुस्त करायचा म्हणून नाही, पाइपलाइन टाकली म्हणून. आधी नवीन कोड तयार झाला की कुणीतरी तो हाताने गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर चढवायचं आणि हमखास काहीतरी विसरायचं. याने ती कटकटच मिटवली. कॉलेज नाही, क्लास नाही, व्हिडिओ बघून आणि डोकं आपटून शिकलेला गडी. आता कोड पाठवला की मशीनच तो तपासणार, ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरणार, जुना डबा काढून नवा लावणार. त्या डब्याला हे लोक कंटेनर म्हणतात. ही सगळी साखळी म्हणजे पाइपलाइन. माणसाचा हात कुठेच लागायचा नाही. लागूच नये म्हणून त्याने सर्व्हरवर थेट शिरायच्या सगळ्यांच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, काढून घेतल्या. स्वतःची पण.

"म्हणजे कुलूप लावून स्वतःच बाहेर उभा राहिलास की रे," अक्का म्हणाली होती. अक्का शेजारच्या टेबलावरची टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते आणि घरी जाताना पण शोधत जाते.

"अक्का, माणूस चुकतो. मशीन नाही चुकत."

"आणि मशीन बांधलं कुणी? मांजराने?"

त्यांचं एक गिऱ्हाईक म्हणजे एक मोठं हॉस्पिटल. ओपीडीच्या भिंतीवर नंबर दाखवणारा बोर्ड, तो यांचाच. आणि त्याच ओपीडीत आज बाबांना कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. हे डॉक्टर बाहेरगावचे. महिन्यातून एकदा येतात, जेवायच्या वेळेला निघून जातात. मागच्या खेपेला बाबांना ताप आला, त्याच्या मागच्या खेपेला डॉक्टरच आले नाहीत. आज तपासलं तरच कानाचं मशीन मिळणार होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, असं चाललं होतं.

सकाळी तो ओरडून म्हणाला, "मी येतो सोबत!"

बाबा त्याच्या ओठांकडे बघत म्हणाले, "कशाला? मला ऐकू येत नाही, दिसतं चांगलं. तुझा बोर्ड आहे ना तिथे! फक्त अक्षरं जरा मोठी कर. मुंग्या चालल्यासारखी दिसतात."

मग काय, ऑफिसात आल्या आल्या त्याने तेच काम घेतलं. छान ठसठशीत फॉण्ट लावला. लॅपटॉपवर बघितलं, आकडे कसे दारावरच्या पाटीसारखे दिसत होते. कोड पाठवला. पाइपलाइन सुरू झाली, एकेक खूण हिरवी होत गेली. सगळं हिरवं. तो चहा घ्यायला गेला.

परत आला तर अक्का उभीच. "हॉस्पिटलमधून फोन होता. बोर्ड काळा पडलाय."

"शक्यच नाही. हे बघ, सगळं हिरवं आहे."

"तुझ्याकडे हिरवं आहे. त्यांच्याकडे काळं आहे. बघ आता."

त्याने बघितलं. फॉण्ट त्याच्या लॅपटॉपवर होता. डब्यात भरायचा राहिला होता. आणि पाइपलाइन डब्याला शेवटी एवढंच विचारायची, जिवंत आहेस का? डबा म्हणाला, हो. फॉण्टवाचून आंधळा झालेला, पण जिवंत.

"मागचा डबा लाव ना परत. हाय काय आणि नाय काय," अक्का म्हणाली.

मागचा डबा नव्हताच. प्रत्येक डब्याला त्याने एकच नाव दिलं होतं, 'लेटेस्ट'. नवा आला की नावाची चिठ्ठी नव्याला, आणि बिनचिठ्ठीचा जुना लगेच झाडून टाकायचा. ते झाडणंही त्यानेच बसवलेलं. कौतुकाने सगळ्यांना दाखवलं होतं.

आता रस्ता एकच. जुना कोड परत आणायचा आणि पुन्हा सुरुवातीपासून पाइपलाइनमध्ये घालायचा. त्याने ते झटक्यात केलं. स्क्रीनवर आलं: रांगेत आहे. पुढे दुसऱ्या टीमचं जाडजूड काम चाललेलं. ते मध्येच थांबवायचा अधिकार एकट्या कॅप्टनला, म्हणजे मॅनेजरला. आणि कॅप्टन काचेच्या खोलीत पाहुण्यांबरोबर. याने काचेवर टकटक केलं. कॅप्टनने आतूनच पंजा दाखवला. थांब.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"हॅलो, मी बोलतोय. तुला ऐकू येत असेल, मला काही येत नाही, तेव्हा तू बोलू नकोस. बोर्ड बंद पडलाय इथला. काउंटरवरच्या बाई उभ्या राहून काहीतरी म्हणतायत आणि लोक उठून आत जातायत. म्हटलं तुला कळवावं."

"बाबा! त्या नंबर पुकारतायत! काउंटरवर जा तुम्ही! काउंटरवर!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

"तू कर तुझं काम सावकाश. बोर्ड लागला की जातो मी. ठेवतो."

त्याने मेसेज टाकला. मग अजून एक, मग अजून एक. कुठलाच वाचला गेला नाही. बाबांचा फोन खिशात, डोळे भिंतीवर. आणि चारचौघांत 'मला ऐकू येत नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. लोक मोठ्याने बोलायला लागतात, बाकीचे माना वळवतात, ते त्यांना नको वाटतं.

"रिसेप्शनला लाव," अक्का म्हणाली. तिने स्वतः पण लावला. एंगेज. बोर्ड बंद, सगळं गाव तिथेच फोन करत असणार.

"मग जा ना तू!"

"शहराच्या त्या टोकाला आहे, अक्का. मी पोचेपर्यंत डॉक्टर गाडीत बसलेले असतील."

मग दोघं नुसती बसून राहिली. समोर ते छोटं गोल चक्र फिरत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, एक चावी ठेवायला हवी होती. एकच.

शेवटी त्याचं काम रांगेतून सुटलं. हिरवं, हिरवं, हिरवं. बोर्ड लागला. बोर्डावर काय चाललंय ते त्याला इथूनही दिसायचं. बाबांचा नंबर सतरा. बोर्डावर एकवीस.

फोन वाजला.

"लागला रे बोर्ड! अक्षरं तेवढी बारीकच राहिली, पण चालतंय, दिसतंय मला. आता एकवीस आहे."

"बाबा, तुमचा गेला," तो म्हणाला. या वेळी ओरडला पण नाही.

"मध्ये बंद पडला ना, त्यामुळे पुढेमागे झालं असेल. माझा येईलच आता. शेजारच्या माणसाला सांगितलं मी, बोर्ड माझ्या मुलाने केलाय, चुकायचा नाही. तू जेवून घे." फोन बंद. रिसेप्शन अजून एंगेजच.

"बोर्डावरच लिही," अक्का एकदम म्हणाली. "बोर्डाकडेच बघतायत ना ते? मग तिथेच लिही!"

त्याची बोटं धावायला लागली. कॅप्टन पाहुण्यांना घेऊन बाहेर पडला, जाता जाता टेबलाशी थांबला.

"प्लंबर, हॉस्पिटलवाले भयंकर तापलेत. आजपासून माझ्या परवानगीशिवाय एक अक्षर पुढे जाणार नाही. आत्ताच कुलूप टाकलंय मी."

"सर, एक मिनिट, माझे बाबा..."

"संध्याकाळी बोलू. फ्लाइट आहे." लिफ्टचं दार मिटलं. अक्का जिन्याने धावली, धापा टाकत परत आली. गाडी गेली होती. याने कॅप्टनला फोन लावला. बंद.

त्याने तरीही कोड पाठवला. तपासणी हिरवी. डबा बांधला, हिरवा. मग करडी खूण आली आणि तिथेच थांबली: परवानगीची वाट बघत आहे.

डब्यात एकच ओळ होती. 'सतरा नंबर, काउंटरवर या.' मोठ्या अक्षरांत. या वेळी तो फॉण्ट आत भरायला विसरला नव्हता.