टर्बोटच्या पाठीवरचे खडे

नजर अधू झाली तशा मावशी घरी बसल्या. मासळीचं दुकान बावीस वर्षं त्यांनी एकहाती चालवलं होतं, ते आता सून बघत होती. नुसत्या येऊन बसा, असं ती दोनतीनदा म्हणाली होती. पण गिऱ्हाइकांसमोर चाचपडायचं मावशींच्या जिवावर यायचं.

एका सकाळी सून दुकान अर्ध्यावर टाकून घरी आली. हॉटेलच्या आचाऱ्याने टर्बोट या महागड्या चपट्या माशाचं खोकं परत पाठवलं होतं. त्यातले निम्मे टर्बोट नाहीतच, पुन्हा असं झालं तर मासळी दुसरीकडून घेईन, असा निरोपही होता. व्यापाऱ्याने सगळे एकाच नावाने खपवले होते आणि सुनेने ते तसेच पुढे धाडले होते.

"आई, मला सगळे सारखेच दिसतात," ती रडवेली होऊन म्हणाली. "चपटे, तपकिरी, दोन्ही डोळे एकाच अंगाला."

"दिसायला सारखेच गं ते," मावशी म्हणाल्या. "चल, हात लावून बघू."

दुकानात त्यांनी बाह्या वर केल्या आणि परत आलेल्या खोक्यातल्या बर्फात हात घातला. पहिल्या माशाच्या पाठीवर कातडीत रुतलेले बारीक, टणक खडे बोटांना लागले. तो टर्बोट. दुसराही रुंदच, पण पाठ गुळगुळीत आणि डोक्याजवळचा पर झालरीसारखा सुटा. तो ब्रिल; चवीला चांगला, पण टर्बोटइतका घट्ट नाही, म्हणून स्वस्त. शेजारच्या टोपलीतला सोल नावाचा तिसरा चपटा मासा त्यांनी सुनेच्या हाती दिला. तो लांबट होता, आणि शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला की कानशीसारखा खरखरायचा.

बघता बघता दोन ढीग झाले. मग मावशींनी सुनेला डोळे मिटून ओळखायला लावलं. दोनदा ती चुकली. तिसऱ्या वेळी तिची बोटं मध्येच थांबली.

"खडे आहेत," ती हळूच म्हणाली. "टर्बोट."

तिने आचाऱ्याला फोन करून चूक कबूल केली. टर्बोट लगेच पाठवते, ब्रिल हवे असतील तर ब्रिलच्याच भावाने देईन, असं सांगितलं. त्याने दोन्ही मागवले.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी विचारलं, "मावशी, बऱ्या आहात ना? किती दिवसांनी!" आवाज जुन्या गिऱ्हाइकाचा होता. मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि काय हवंय ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दुकानाला जायला निघाली, तर मावशी तिच्याआधीच चपला घालून घराच्या पायरीवर उभ्या होत्या.