बूटवाला टाइप

दहिसर नदीच्या पुलाजवळ माझं टायपिंग आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. पोस्टरसाठी माझ्याकडे एक इंग्रजी टाइप, म्हणजे फॉन्ट आहे, त्याला मी बूटवाला म्हणते. प्रत्येक अक्षर काळंभोर, जाडजूड, पायात चौकोनी बूट घालून उभं. मेगा सेल, कबड्डीचे सामने, भाऊंचा वाढदिवस, काहीही असो, बूटवाला रिक्षातून जाणाऱ्यालाही दिसतो. फक्त त्याला हळू बोलता येत नाही. एकदा लग्नपत्रिकेत घातला, तर ती कोर्टाची नोटीस वाटायला लागली.

गावठाणातली व्हॅलेन्सिया आली ती वडिलांचा फोटो घेऊन. लिओनार्ड अंकलना हल्ली फार विसरायला व्हायचं. आदल्या दिवशी चर्चला म्हणून निघाले ते परतलेच नव्हते.

"जयंतीताई, तुझ्याकडचं सगळ्यात मोठं अक्षर दे."

वर ‘मिसिंग’, मध्ये फोटो, खाली ‘लिओनार्ड’, सगळं बूटवाल्यात. सकाळीच पुलापासून चेक नाक्यापर्यंत पोस्टरं लागली.

दुपारी पुलावरची भाजीवाली वनमाला धापा टाकत दुकानात आली. "अंकल दिसले ना मला. पोस्टरसमोर उभे राहून स्वतःचं नाव वाचलं. मला विचारतात, पोलीस कधीपासून शोधतायत? मी उठेपर्यंत पोस्टर फाडून पळालेसुद्धा."

व्हॅलेन्सियाने उरलेलं एक पोस्टर हातात घेतलं. "यात चोरच वाटतात गं ते."

वाटत होते खरे. त्या अक्षरांखाली कुणाचाही बाप चोर वाटला असता.

"अक्षर बारीक करू?" मी विचारलं.

"मोतीबिंदू आहे. त्यात चष्मा घरीच राहिलाय."

म्हणजे वाट लागली. बारीक दिसणार नाही, जाडाला घाबरणार.

"हे पोस्टर लोकांसाठी होतं," मी म्हटलं. "आता त्यांच्यासाठीच करू. नाव नको, फोटो नको. त्यांना खायला काय आवडतं?"

"मटण."

मी टाइप करायला लागले तशी तिने माझा हात धरला. "पूस ते. लेंटचे उपास चालू आहेत, त्यात आज शुक्रवार. मटण वाचलं तर हे आपलं घर नाही म्हणून पुढे जातील."

"मग?"

"बोंबील."

बूटवाला इंग्रजीच, म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: ‘पप्पा, बोंबील केलेत. घरी ये.’ सगळी अक्षरं कॅपिटल होती, ती छोट्या लिपीची केली. जरा मोकळी सोडली. बूट तेवढेच जाड राहिले, पण आवाज उतरला.

पोस्टरं लावून व्हॅलेन्सिया घरी गेली आणि तिने खरंच बोंबील तळले. लेंटमध्ये खोटं कसं लिहायचं, म्हणाली.

संध्याकाळी वनमालाचा फोन आला. अंकल पोस्टरखाली बसलेत, हलत नाहीत.

आम्ही डबा घेऊन धावलो. फूटपाथवर, पोस्टरकडे तोंड करून ते बसले होते. शर्ट मळलेला, एका पायात चप्पल नाही. व्हॅलेन्सिया त्यांच्यासमोर वाकली.

"पप्पा."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग अदबीने हाताने बाजूला व्हायची खूण केली.

"बाई, जरा सरक. ह्ये माझ्या पोरीनं लिवलंय. ती येतेय इथं."

व्हॅलेन्सिया सरकली. त्यांच्या शेजारी फूटपाथवर बसली, डबा मांडीवर घेऊन.

"कधी येणार म्हणाली?"

"त्ये काय लिवलं नाय," अंकल म्हणाले, आणि मान वर करून, डोळे बारीक करून, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.