यंत्रेश्वराची बाही आणि मेलेला हात

पारोळ्याच्या बाजारात मांडव फाटेल एवढी माणसं. स्टेजवर दोन लोखंडी हातांचं यंत्र, त्याला हार, वर कुंकू. शेजारी भगव्या रेशमात यंत्रेश्वर महाराज.

"म्हाताऱ्यांना, पांगळ्यांना कपडे घालायला परदेशात हे यंत्र निघालं," महाराज माईकवर ओरडला. "पण माझ्या यंत्रात देव उतरलाय! याच्या बाहीत गेलेला मेला हात जागा होतो! डॉक्टरच्या गोळ्या टाका याच्या पायाशी!"

लोकांनी टाकल्या की! माझ्या बायकोनं, मंदाबाईनंबी बीपीच्या गोळ्या काढल्या. लकव्यानं तिचा डावा हात गेलाय, रोज पोलकं मीच घालून देतो.

"अगं, गोळी सोडली तर दुसरा झटका येईल. डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगते."

"तुमले कशातच देव दिखस नही," म्हणाली, अन् टाकलं पाकीट.

मग गुलाब नावाचा माणूस खुर्चीत बसवला. म्हणे याचाबी डावा हात मेलेला. यंत्र घरघरलं. उजव्या हातावर बाही चढवली, सदरा पाठीवरून ओढला, अन् डावा हात सुळकन दुसऱ्या बाहीत! शिट्ट्या, जयजयकार.

माझं डोकं तिथंच अडकलं. लुळा हात आधी घालायचा असतो, चांगला नंतर. सुरुवातीला मी उलटं केलं, तर मंदाबाईचा हात मागं वळेचना. चांगल्या हातानं बदडलं तिनं मला.

चढलो स्टेजवर. "महाराज, परत एकदा होऊ द्या."

"शंका घेतोस?"

"छे हो, दर्शन घेतो."

गुलाबचा सदरा उतरवला, अन् मी त्याचा डावा कोपर गच्च धरला. यंत्रानं उजवी बाही चढवली, सदरा ओढला. दुसरी बाही लोंबकळत राहिली. महाराज मंत्र म्हणतोय, यंत्र घरघरतंय, अन् मेला हात माझ्या मुठीत मासोळीसारखा तडफडतोय!

"हाऊ हात मरेल शे ना?" मी माईकवर विचारलं. "मंग हिसके कोन देई ऱ्हायना?"

"आबा, सोडा! हात मोडी जाई!" गुलाब किंचाळला.

घरी लकवा झालेल्या नवऱ्याचं सगळं करणारी बेबाबाई खालून गरजली, "बठ्ठं खोटं शे!" महाराज मागच्या कनातीतून पळाला. देवाला तिथंच टाकून.

मी म्हणालो, "यंत्र बिचारं खोटं बोललं नाही, बाही धरणं त्याचं काम. असं चांगलं मिळालं तर मी घरी नेईन. पण हात सुधारला तर औषधानं, व्यायामानं सुधारेल. टाळी वाजवायच्या आधी बघा, हात हलवतंय कोण. अन् गोळी कुणाच्याबी पायाशी..."

"भाषन पुरे," खालून मंदाबाई. ढिगातून तिनं आपलं पाकीट शोधलं होतं. "पानी आना. गोळी लेनी शे."