शाळेपुरतं दत्तक

भिंगरीनं सकाळीच आपली दोरी देऊन टाकली, तेव्हाच काकूंच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आठ वर्षांची पोर, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. आणि दोरीवरच्या उड्या म्हणजे तिचा जीव की प्राण. ती दोरी तिनं शेजारच्या खाटेवरच्या बोबडीच्या हातात ठेवली आणि वर बजावलं, "ओली ठेवू नकोस गं, कुजते."

काकूंना वाटलं, कार्यक्रमाचा दिवस आहे, पोरीला कर्णाचं वारं लागलंय. अनाथाश्रमातल्या साऱ्या पोरांच्या उवा, ताप, भांडणं आणि वाईट स्वप्नं काकूंच्याच पदरी. त्या दिवशी तर श्वास घ्यायला सवड नव्हती. हॉलमध्ये आश्रमाचे चिटणीससाहेब शिडीखाली उभे राहून फलक सरळ करून घेत होते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : 'आज सात बालकांना दत्तक घेत आहोत'.

"साहेब, दत्तक नका हो लिहू," काकू म्हणाल्या. "देणगीदारांनी शाळेचा खर्च उचललाय, तेवढंच लिहा. पोरं शब्द धरून बसतात."

"काकू, 'खर्च' म्हटलं की माणसाचा हात खिशावर जातो आणि तिथंच राहतो. 'दत्तक' म्हटलं की काळजावर जातो. तुम्ही वेण्या घाला बघू."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! शब्द हा देवानं माणसाला दिलेला दिवा. कुणी त्यानं वाट दाखवतो, कुणी दुसऱ्याच्या छपराला लावतो. काकू पुटपुटत वेण्या घालायला गेल्या.

कार्यक्रम झोकात झाला. एकेका पोराला पुढं बोलवायचं, पाहुण्यानं डोक्यावर हात ठेवायचा, फोटो. भिंगरी आली फर्निचरवाल्यांच्या वाट्याला. शहरात त्यांची दोन मोठी दुकानं, माणूस भारदस्त, मनानं वाईट नव्हे. पण माइक हातात आला की भल्याभल्यांचा तोल जातो. "आजपासून ही आमची मुलगी!" ते गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंगरी मान वर करून त्यांच्याकडे अशी बघत होती, की काकूंनी नजर दुसरीकडे वळवली.

चहापाणी झालं, पाहुणे एकेक करून पांगले. तेवढ्यात फर्निचरवाल्यांचा ड्रायव्हर दारातून डोकावला.

"काकू, जरा येता का? तुमची एक पोर गाडीत बसलीय. उतरायचं नावच घेत नाही."

मागच्या सीटवर, अगदी दाराला चिकटून भिंगरी बसली होती. मांडीवर टॉवेलात बांधलेलं गाठोडं. दोन फ्रॉक, कंगवा, दात घासायचा ब्रश. तिचा सगळा संसार.

"मी कोपऱ्यातच बसलेय," ती गाडीपाशी नवऱ्याबरोबर उभ्या असलेल्या फर्निचरवाल्यांच्या बायकोला म्हणाली. "तुम्हाला अडचण नाही होणार. मला गाडी लागत पण नाही."

चिटणीससाहेब खो खो हसले. "अगं वेडाबाई, तसलं दत्तक नाही हे!" फर्निचरवालेही हसले. ड्रायव्हर तेवढा हसला नाही. चिटणीससाहेब काकूंकडे वळले. "काकू, उतरवा हिला लवकर, साहेबांना उशीर होतोय."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नाही उतरवणार."

"काय?"

"मी बसवली नाही, मी उतरवणार नाही. ज्यांनी बोलून बसवली, त्यांनी बोलून उतरवावी."

"पाहुण्यांसमोर शोभा करू नका, काकू."

"शोभा? हसलं कोण आत्ता? पोरगी हसली का?"

फर्निचरवाल्यांच्या बायकोचे डोळे भरले होते. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, आजच्या दिवस नेऊ या ना. संध्याकाळी आणून सोडू."

"बाई," काकूंनी हात जोडले, पण आवाज विळ्यासारखा होता, "तुमचं मन चांगलं आहे, म्हणून सांगते. हिला हिच्या आईनं दवाखान्याच्या बाकावर बसवलं, 'आलेच' म्हणाली आणि गेली. एकदा सोडून झालंय हिला. संध्याकाळी तुम्हीही सोडणार?"

शेवटी फर्निचरवाले गुडघ्यावर हात ठेवून खिडकीपाशी वाकले.

"हे बघ बाळ, दत्तक म्हणजे... शाळेपुरतं. फी, पुस्तकं, बूट, सगळं आमच्याकडून. कळलं?"

"मग शाळा सुटल्यावर मी कोणाची?"

फर्निचरवाल्यांनी कपाळ पुसलं. त्यांनी चिटणीसांकडे पाहिलं; चिटणीस झाडाकडे बघत होते.

"घरी नाही नेणार?" भिंगरीनं विचारलं.

"नाही."

"उद्या?"

"नाही, बाळ. कधीच नाही."

एवढ्या गाजावाजात दिवसभरात बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. भिंगरीनं गाठोडं उचललं, दार स्वतःच उघडलं आणि उतरली. रडली नाही. फक्त म्हणाली, "मग आधी सांगायचं ना."

काकूंनी तिला कमरेशी घट्ट धरलं. गाडी निघून गेली.

"चला, मिटलं एकदाचं," चिटणीससाहेब म्हणाले.

"काय मिटलं? बाकीची सहा कुठायत, ते बघितलंत?"

सहाही जणं हॉलमध्ये बाकावर ओळीनं बसली होती. नवे बूट घातलेले, केस पाणी लावून चापून बसवलेले. त्यांचे पाहुणे केव्हाच निघून गेले होते. सगळ्यात धाकटा काकूंना बघून उठला. "काकू, माझी गाडी कोणती?"

भिंगरी पुढं सरली. "अरे, गाडीबिडी काही नसते, ते फक्त..."

काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "तू नाही. हे ओझं तुझं नाही, सोन्या."

त्यांनी दार लावून घेतलं, एक खुर्ची ओढली आणि पोरांसमोर ठेवली. चिटणीससाहेबांचा चेहरा उतरला होता. ते बसले, घसा खाकरला, आणि सवयीनं साऱ्या बाकाकडे बघून म्हणाले, "तर बालमित्रांनो..."

"असं नाही," काकू म्हणाल्या. "एकेकाला जवळ घ्या आणि सांगा. प्रत्येकाला कुणीतरी वेगवेगळं सोडलंय, साहेब. सगळ्यांना एकदम नाही सांगता यायचं."