पंढरीनाथ हो म्हणाले

पंढरीनाथ वारून सव्वा महिना झाला होता आणि रविवारी सकाळी अकरा वाजता ते भाईंदरच्या केबिन रोडवर येणार होते. मोबाइल कव्हरांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांना बघायला साठेक माणसं दाटीवाटीने बसली होती. जिवंतपणी त्यांना भेटायला एवढी माणसं कधी आली नव्हती.

समोर भलामोठा टीव्ही, टीव्हीपुढे खुर्ची आणि खुर्चीकडे रोखलेला कॅमेरा. महिपत महाराज पूर्वी सोसायट्यांमध्ये सीसीटीव्ही बसवायचे. मग त्यांना साक्षात्कार झाला. वायरी त्याच राहिल्या. गेलेल्या माणसाचा समोर बघतानाचा, चांगल्या उजेडातला, टोपी नसलेला व्हिडिओ आधी पाठवावा लागे. टोपी असली तर आत्मा येत नसे.

पंढरीनाथांची मुलगी कृतिका शेवटच्या रांगेत होती. बाबा गेल्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. चहा गरम आहे हे तिला वाफ बघून कळायचं.

तिची आई सरूबाई खुर्चीत बसली. तिला इथे आणणारी शेजारीण मनोरमा हात जोडून बाजूला उभी होती. महाराजांनी खुर्ची दोन बोटं डावीकडे सरकवली, आईची हनुवटी वर केली.

"माताजी, विचारताना तीनदा मान लववायची. आत्म्याला नम्रता लागते. थांबा, अजून लोड होतोय."

पडद्यावर पंढरीनाथ आले. पाठवलेल्या, पुतण्याच्या हळदीच्या व्हिडिओतला तोच पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट.

"अवो," आई मान लववत म्हणाली, "सुई बंद करू काय? महाराजांचा काढा घेऊ?"

सुई म्हणजे इन्सुलिन. ती गेली नऊ वर्षं दिवसातून दोनदा घेत होती.

पडद्यावर पंढरीनाथांनी तीनदा मान हलवली. चेहरा जरा चौकोनी-चौकोनी दिसत होता, पण एवढ्या लांबून येताना तेवढं होणारच, असं महाराजांनी सांगितलं. विसाव्या सेकंदाला टीव्ही बंद झाला. आत्म्याला जास्त थांबता येत नाही. तिथेही रेंजचा प्रॉब्लेम आहे.

घरी आल्यावर कृतिकाने आईला एवढंच विचारलं, की बाबांनी जन्मात कधी कशाला हो म्हटलंय? फ्रीजला नाही म्हणाले, सोफ्याला नाही म्हणाले, शेवटी डॉक्टरने ऑपरेशनचं विचारलं तेव्हाही नाहीच म्हणाले.

"मेल्यावर सुधारलं," आई म्हणाली आणि सुया तिने कपाटात वर ठेवून दिल्या.

कृतिकाची नोकरी भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात, बाटल्यांना झाकणं नीट बसतात का ते बघण्याची. यंत्रावरचा कॅमेरा सेकंदाला तीनशे मोठी, स्वच्छ चित्रं काढायचा. प्रत्येक चित्र जसंच्या तसं, काही न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, एकही न वगळता संगणकात जायचं. दिवसाला चार डिस्का भरायच्या. मालक जयकुमारभाई याबाबत फार कडक होते, कारण तिच्याआधीच्या प्रीतमने जागा वाचवायला व्हिडिओ दाबून साठवले होते. दाबलेल्या व्हिडिओत संगणक पूर्ण चित्र अधूनमधूनच ठेवतो. मधे फक्त काय कुठे सरकलं तेवढं टिपतो. एकदा एक पूर्ण चित्र हरवलं. मग आधीच्या बाटलीचं झाकण पुढच्या उघड्या बाटलीवर दिसत राहिलं, तिच्याबरोबर डुलत पुढे गेलं. प्रीतमने पास केलं. खोकल्याचं औषध गळत गळत नाशिकला पोचलं.

तो व्हिडिओ धडा म्हणून ठेवलेला होता. मंगळवारी कृतिकाने तो पुन्हा लावला. झाकणाच्या कडेला चौकोन होते. बाबांच्या गालावर होते तसेच.

बुधवारी आईची साखर तीनशे अठ्ठ्याऐंशी आली. शुक्रवारी चारशे चाळीस, आणि जिना चढताना आई मधेच पायरीवर बसली. कृतिकाला भीती वाटली नाही. आकडा दिसला, आणि तो कुठे चाललाय तेही दिसलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच सुरू करा. आई म्हणाली, यांना विचारल्याबिगर न्हाय.

तिने जयकुमारभाईंकडे यंत्रावरचा कॅमेरा एका दिवसासाठी मागितला. लग्न आहे का, त्यांनी विचारलं.

"नाही. बाबा येतायत."

जयकुमारभाई स्वतः मयताला येऊन गेले होते. त्यांनी कॅमेरा स्वतः पुसून पेटीत ठेवला. "संभालके लाना," म्हणाले.

रविवारी मोठा कॅमेरा बघून महाराज खूश झाले. कृतिकाने तो असा लावला की खुर्चीतली आई आणि पडद्यावरचे बाबा एकाच चित्रात येतील. आईने विचारलं, सुई बंदच ठेवू ना? बाबा हो म्हणाले. मग कृतिकाने तेच शूटिंग टीव्हीवर लावायची परवानगी मागितली. प्रसिद्धीला महाराजांची ना नव्हती.

तिने एकेक चित्र पुढे सरकवलं. पहिल्या चित्रात आईची हनुवटी खाली निघाली. बाबा स्थिर. तिसाव्यात बाबा स्थिर. एकोणपन्नासाव्यात बाबांची हनुवटी निघाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही एकोणपन्नासच.

"आई हलते, म्हणून बाबा हलतात," कृतिका म्हणाली.

"नवऱ्याचा आत्मा आहे," महाराज म्हणाले. "बायकोच्या मागूनच हलणार."

हॉल हसला. महाराजांच्या बाजूने.

कृतिकाने वाद घातला नाही. तिने काढ्याची बाटली खुर्चीवर ठेवली, मनोरमाकाकींना तिची मान धरायला सांगितली, कॅमेरा लॅपटॉपला आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. त्यात महाराजांचं प्रवचन होतं. पडद्यावर महाराजांचा चेहरा आला, तिने काहीतरी दाबलं, आणि चेहरा तसाच राहिला.

"आता कॅमेरा बाटली बघतोय. काकी, बाटली पुढे झुकवा. महाराज, हा काढा बोगस आहे का?"

पडद्यावरच्या महाराजांनी होकारार्थी मान हलवली. टीव्हीशेजारी उभ्या महाराजांनी जोरजोरात नकारार्थी हलवली. हॉलला कोणाचं ऐकावं कळेना.

कृतिकाने सांगितलं ते तीन वाक्यांत संपलं. आधी गेलेल्या माणसाचा व्हिडिओ लावायचा, मग कॅमेरा चालू करताना कॅमेऱ्याचं पहिलं पूर्ण चित्र गाळून टाकायचं. पडद्यावर चेहरा जुना राहतो, हालचाल खुर्चीतल्या माणसाची येते. वीस सेकंदांत खरा चेहरा फुटून वर येऊ लागतो, म्हणून टीव्ही बंद करायचा.

मनोरमाकाकींनी खात्रीसाठी बाटली आडवी हलवली. महाराज नाही म्हणाले. मग पुन्हा उभी. मग काकींनी बाटली खाली ठेवली आणि चपला शोधायला गेल्या. हळूहळू सगळेच गेले. आपल्या आत्म्याचा गैरवापर झाल्याचं महाराज मागून सांगत होते.

दोघी रिक्षाने निघाल्या. रेल्वे फाटकापाशी आई म्हणाली, "म्हंजे ते आलंच न्हाय."

"नाही."

"दोन रविवार मी कोनाला इचारत होते?"

"स्वतःला."

"आन् हो मीच बोलले." तिने पदर सारखा केला. "ते काय बोललं असतं?"

"नाही म्हणाले असते. काढ्याला."

"हां. तेच बोललं असतं."

घरी आईने कपाटातून सुया स्वतः काढल्या. साखर मोजून, डॉक्टरांना विचारून कृतिकाने इन्सुलिन दिलं. मग फोनवरचा हळदीचा व्हिडिओ लावला. कारखान्यात झाकणांची लाखो चित्रं साठली होती, एकही न हरवता. बाबांची ही अकरा सेकंदं होती, फॉरवर्ड होऊन होऊन धुरकट झालेली. त्यात ते कुणालातरी नाही म्हणत होते. तिने चहाचा घोट घेतला. जीभ पोळली.

पडद्यावर कुणी आपल्या मनासारखी मान हलवली, तर औषध बंद करण्याआधी एवढंच बघा: खुर्चीत कोण मान हलवतंय.