हात थांबतो ती जागा

माझी बायको विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायची आणि मी शिंपी. तुमचं लग्न जमलं कसं, असं लोक अजून विचारतात. ती कोटाची बाही लहान करून घ्यायला आली होती, एवढंच मी सांगतो.

तिच्या विभागात दरवर्षी एक आठवडा व्याख्यानांचा असतो. बाहेरगावचे संशोधक येतात. रोज कुणीतरी आपलं चालू काम फळ्यावर मांडतं, बाकीचे प्रश्न विचारून त्याला हैराण करतात आणि मग सगळे मिळून चहा पितात. सोमवारी सुरू होतं ते शुक्रवारपर्यंत. शुक्रवारचं शेवटचं व्याख्यान घरच्या माणसाचं. बरीच वर्षं ते तिचंच असे.

तिचा एक नेम होता. कुठलंही व्याख्यान आधी माझ्यासमोर करून बघायचं. तेही दुकानात, माझं काम चालू असताना. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच. मी काजं करत बसायचो. ती कापायच्या टेबलाला टेकून बोलायची आणि नजर माझ्या हातांवर ठेवायची. बोलता बोलता माझी सुई थांबली, की ती जागा जमली. सुई पुन्हा चालू झाली की ती म्हणायची, "हे उसवते," आणि तेवढा भाग नव्याने मांडायची. पुढे तिचे विद्यार्थीही येऊ लागले. मास्तरांसमोर म्हणून दाखवल्याशिवाय व्याख्यान द्यायचं नाही, असा विभागात रिवाजच पडला. तिथे इतके प्राध्यापक, पण मास्तर म्हणतात ते मला एकट्याला.

ती या हिवाळ्यात गेली. म्हणून यंदाचं शुक्रवारचं व्याख्यान तिच्या आठवणीत ठेवलं होतं आणि ते तिची शेवटची विद्यार्थिनी देणार होती. तिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. नाव माझ्या बायकोनेच पाडलं. पोरगी हुशार, पण आवाज एवढासा, की पहिल्या रांगेतल्यालाही पुढे वाकून ऐकावं लागतं.

सोमवारी दुपारी चिमणी दुकानात आली.

"काका, ऐकता का?"

"बस. नाही, उभी राहा. तिथे, टेबलापाशी."

माझ्या हातात विभागप्रमुखांची पँट होती. शुक्रवारी संध्याकाळी पाहुण्यांबरोबर जेवण होतं आणि नव्या पँटचे पाय त्यांना चांगले चार बोटं लांब होत होते. खालची पट्टी दुमडून मी टाके घालायला घेतले.

चिमणीने घसा साफ केला. "चहाचा थेंब टेबलावर सांडला, की लोक तो पुसतात. मी पुसत नाही. मी वाळायची वाट बघते."

माझा हात थांबला.

चहाचा थेंब वाळला की त्याचा डाग मधे फिका आणि कडेला गडद होतो. तसं का होतं, यावर माझ्या बायकोने निम्मं आयुष्य घालवलं. थेंब कडेला लवकर सुकतो, म्हणून आतलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना चहाचे कण बरोबर नेतं. इतकं मलाही पाठ झालं होतं. चिमणी तेच सांगत होती. तेच शब्द, तोच विनोद, विनोदानंतर पाण्याचा घोट घ्यायला तेवढंच थांबणं. मी तिच्याकडे बघत बसलो. सुई कापडात होती तिथेच राहिली.

संपल्यावर चिमणी टाळी वाजवून म्हणाली, "काका! हात एकदाही हलला नाही! बाईंच्या वेळीही कधी असं झालं नव्हतं." आणि उड्या मारत गेली.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आतल्या दारात उभी होती. बायको गेल्यापासून ती माझ्याकडे राहायला आली आहे, आणि तिच्या तोंडाला कडी नाही.

"काय रे, ऐकत होतास की रडत होतास?"

"ऐकत होतो."

"काय सांगितलं तिने?"

मला सांगता येईना.

"बघ," अक्का म्हणाली. "तुझ्या बायकोचे कपडे घालून आल्यासारखी बोलत होती ती पोरगी. मला तर कसंसंच झालं."

मला कसंसं झालं नव्हतं. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं होतं. शुक्रवारी भरल्या सभागृहात ते सगळं पुन्हा एकदा ऐकायला मिळणार, याच विचारात मी संध्याकाळी दुकान बंद केलं. पण अक्काचं बोलणं पायात काटा राहावा तसं राहिलं.

मंगळवारी मी विभागात गेलो. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. मधल्या सुट्टीत सगळे व्हरांड्यात चहा पीत उभे होते. विभागप्रमुखांनी मला बघून हातातला कप खाली ठेवला.

"मास्तर! चिमणी पास झाली म्हणे. आणि माझी पँट?"

"होईल," मी म्हणालो. दोन्हींसाठी एकच उत्तर दिलं.

चिमणी प्रयोगशाळेत होती. एका काचेवर थेंब ठेवला होता, वर कॅमेरा, आणि शेजारच्या पडद्यावर तो थेंब परातीएवढा दिसत होता. मला बघताच तिने स्टूल ओढलं.

"काका, बरे आलात. हे बघा, गंमत दाखवते. ही काच सपाट नाही, जराशी कलती केलीय मी. आता ही वरची कड बघा. बघत राहा हं. इथे कण जमायला हवेत की नाही? जमतायत का? नाही! खाली घसरतायत, आणि घसरता घसरता मधेच थांबतायत. का थांबतायत? मला दोन महिने कळत नव्हतं. वेड लागायची पाळी आली होती!"

ती भराभर बोलत होती. हातवारे करत होती. आवाज दारापर्यंत जात होता, आणि बायकोसारखं त्यात काहीच नव्हतं.

"हे शुक्रवारी का नाही सांगत?" मी विचारलं.

तिने कॅमेरा बंद केला.

"काका, बाईंच्या शेवटच्या लेखात एक वाक्य आहे. त्यांचा नियम कलत्या काचेवरही चालतो, असं लिहिलंय. तो चालत नाही." तिचा आवाज पुन्हा एवढासा झाला. "मला कळलं तेव्हा बाई दवाखान्यात होत्या. तिथे जाऊन काय सांगू, बाई, तुमचं चुकलंय? आणि आता त्यांच्याच आठवणीच्या व्याख्यानात उभी राहून सांगू? तुम्ही समोर बसलेले असताना?"

उठून घरी आलो.

बुधवारी मी दुकानातच होतो. टाके घालत होतो आणि उसवत होतो. एवढा काळ मी हिचं बोलणं कानावर न पडता काढला होता. कुणी ते बोलणं जसंच्या तसं आणून देतंय, तर नको कोण म्हणेल? मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळणारही नव्हतं. शुक्रवार पार पडला असता, सगळ्यांनी डोळे पुसले असते. आणि चिमणीला पुढच्या वर्षीही तेच व्याख्यान द्यायला लावलं असतं.

मग मला बायकोचं ते 'उसवते' आठवलं. ते ती कधी दुःखाने म्हणत नसे. पदर खोचून कामाला लागावं तसं म्हणायची. चुकलेलं सापडलं की तिला भूक लागायची. "चला, काहीतरी सापडलं, आता आधी खायला द्या," म्हणायची.

गुरुवारी सकाळी मी चिमणीला बोलावून घेतलं.

"सोमवारी माझा हात थांबला, तो तुझ्यामुळे नाही," मी म्हणालो. "मी तुझं ऐकतच नव्हतो. मी हिला ऐकत होतो."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे नापास?"

"अगं, म्हणजे उसव. सगळं. परवा मला स्टुलावर बसवून सांगितलंस ना, तिथून सुरू कर."

"आणि बाईंचं ते वाक्य?"

"तेही सांग. दवाखान्यात सांगितलं असतंस, तर ती उठून बसली असती आणि काच आणायला लावली असती."

चिमणी हसायला गेली आणि तिला रडूच आलं. आतून अक्का ओरडली, "रडायचं झालं की जेवायला या दोघं!"

शुक्रवारी मी दुसऱ्या रांगेत बसलो. पँट बरोबर घेतली होती. एक पाय झाला होता, एक राहिला होता. बायकोच्या व्याख्यानालाही मी असंच काहीतरी हातात घेऊन जायचो. मांडीवर पँट पसरली आणि सुई ओवली.

चिमणी उभी राहिली आणि काहीतरी बोलली.

"ऐकू येत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने माझ्या हातांकडे बघितलं. सुई चालू होती. मग तिने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "दोन महिने मला वेड लागायची पाळी आली होती, त्याची ही गोष्ट आहे."

लोक हसले. ती सांगत गेली. बराच वेळ मी टाके घालत होतो. गणित आलं तेव्हा तर मान खाली घालून घालत होतो. मग पडद्यावर तो कलता थेंब आला आणि चिमणी म्हणाली, "बाईंच्या शेवटच्या लेखातलं एक वाक्य चूक आहे. त्या असत्या, तर हे त्यांनीच सांगितलं असतं. त्या नाहीत, म्हणून मी सांगते."

विभागप्रमुख वळले आणि माझ्याकडे बघू लागले. मग बाकीचेही. मास्तरांना लागलं का, हेच सगळ्यांच्या तोंडावर होतं. चिमणी मात्र माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती खाली, माझ्या मांडीकडे बघत होती.

सुई थांबली होती. या वेळी मला कुणाचाही आवाज आठवत नव्हता. ते कण वरून घसरत होते आणि मधेच अडत होते, आणि ते का अडतात, हे मला खरंच ऐकायचं होतं.

चिमणीने खडू उचलला आणि पुढे बोलू लागली.

नंतर प्रश्नांची झोड उठली. एका पाहुण्याने फारच लांबलचक काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "माहीत नाही. करून बघावं लागेल." पाहुण्याला ते इतकं आवडलं, की तो संध्याकाळी जेवणाआधीच प्रयोगशाळेत जाऊन बसला.

दाराशी विभागप्रमुखांनी मला गाठलं. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग हळूच विचारलं, "मास्तर, पँट?"

मी पिशवीतून काढून दाखवली. दुसरा पाय अर्ध्यापर्यंत शिवलेला होता. तिथून पुढे नुसता दोरा लोंबत होता.

"हे काय?"

"शेवटचा अर्धा तास काम झालं नाही," मी म्हणालो.

त्यांनी त्या लोंबत्या दोऱ्याकडे बघितलं, मग पाहुण्यांच्या घोळक्यात अडकलेल्या चिमणीकडे. आणि "दुमडून घेईन मी," म्हणत तशीच पँट घेऊन निघाले. मीच त्यांना हाताला धरून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, आणि राहिलेले टाके तिथेच घातले.