गावभर कॉप्या

"ह्यात आपलं गाणं भरता येतं काय?" अनुसयाने तिसऱ्यांदा विचारलं.

मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या त्या दुकानात काउंटरवर दोन व्हिडिओ यंत्रं शेजारीशेजारी मांडली होती. एकात जेवणाच्या ताटाएवढी चकचकीत तबकडी जायची, दुसऱ्यात काळी कॅसेट. नवीन नावाचा दुकानदार अर्धा तास तबकडीचंच कौतुक करत होता. घासत नाही, झिजत नाही, चित्र कसं स्वच्छ! पण प्रश्नाला बगल देणं त्याला आता जमेना.

"नों, मादाम. कंपनीनं भरलंय तेवढंच बघायचं. भरता येत न्हाय, कॉपी पण होत न्हाय. ते सगळं कॅसेटमध्ये."

"कॉपी होत न्हाय, तेच तर बरं!" हरिप्रसादकाका म्हणाले. काका बों अक्योय गावच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. उसाच्या मळ्यावर तीस वर्षं मुकादमी केलेली, त्यामुळे 'नाही' ऐकायची कानांना सवयच नव्हती. "कॅसेट घेतली की गावभर चोरून कॉप्या निघतील, मंडळाची अब्रू जाईल. मोका गावच्या हापिसात म्या बघितली ना तबकडी. जोली! लई देखणी! आपल्याला हलकी वस्तू नको."

साल १९८४. मंडळाला एकच यंत्र घेता येणार होतं आणि ते त्याच दिवशी ठरायचं होतं. अनुसया फ्लाकच्या सरकारी कचेरीत कारकून आणि मंडळाची चिटणीस. चिटणीस म्हणजे पुरुषांनी बोलायचं आणि तिने लिहून घ्यायचं. अठरा वर्षं तिने ते बिनबोभाट केलं होतं. आज मात्र ती वही घरी ठेवून आली होती. गौरीची सगळी गाणी येणारी गावात एकच बाई उरली होती, तिची गंगामावशी. आणि मावशीची छाती तपासून डॉक्टरांनी मान हलवली होती. गाणी कागदावर उतरवता आली असती. पण चाल, टाळ्या, पावलं कागदावर कशी उतरवायची?

"नवीन, तबकड्या कुठल्या हायत त्या दाखवा बघू."

चार निघाल्या. तीन फ्रेंच सिनेमे आणि एक समुद्रातल्या माशांची.

"काका, गौरीला बायकांनी मासे बघत बसायचं?"

नवीन हसला. काका हसले नाहीत.

"बरं, तुमची आई गौर घरात घेताना म्हणायची, ते गाणं म्हणा."

"इथं? दुकानात?"

"व्हय, इथंच."

माघार घेणं काकांच्या स्वभावात नव्हतं. पहिली ओळ त्यांनी खणखणीत म्हटली. दुसरी अर्ध्यावर अडली. त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले, मग नुसतेच ओठ हलले.

"आयो," ते हळूच म्हणाले, "दर साली ऐकलं होतं की गं."

"मावशीला येतं. तिच्यामागं कुणालाच न्हाय. आणि कॉप्या निघू देत ना काका. गावभर निघू देत. मला तेच पायजे."

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "कॅसेटवालं बांधून द्या," ते नवीनला म्हणाले.

लग्नांचं चित्रण करणाऱ्या देवराजने कॅमेरा द्यायचं कबूल केलं. अडून बसली ती मावशी.

"गौर घरात न्हाय न् गाणी कशी म्हनू? एप्रिलात कुनी म्हनतं? सप्टेंबरात म्हनीन."

सप्टेंबर मावशीच्या वाट्याला नाही हे दोघींनाही माहीत होतं. अनुसया वाद घालत बसली नाही. रविवारी सकाळी ओढ्याकाठची रोपं उपटून आणली, पाट मांडला, कळशीला नवी साडी नेसवली, हळदीकुंकू लावलं.

"आली गौर."

"आगं, म्हैना कुठला?"

"मावशे, तिकडं भारतात भाद्रपदात पाऊस असतो म्हनतात. इथं हिवाळा असतो, तरी गौर येते ना? तिनं कधी म्हैना बघितला? मग आज पन आली."

मावशी खूप हसली. "कचेरीत सायबाला पन अशीच छळतीस काय गं?" म्हणाली, आणि तिने आपली चांगली साडी मागितली. दोन तास खुर्चीत बसून ती गायली. शेवटच्या गाण्याला मात्र सगळे नको नको म्हणत असताना ती उठली आणि तिने फेराची पावलं करून दाखवली.

जुलैत मावशी गेली. तेरावं झाल्यावर अनुसयाने नवीनच्या दुकानात दोन यंत्रं जोडून कॉप्या काढल्या. जिथे जिथे मराठी घरं होती त्या प्रत्येक गावाला एक.

पुढच्या वर्षी गौरीला तिला पेती राफ्रे गावाचं बोलावणं आलं. तिथल्या मुलींनी गंगामावशीला कॅसेटबाहेर कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी फेर धरला. चाल बरोबर, टाळ्या बरोबर. शेवटच्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्याआधी सगळ्या एकदम थांबल्या. डावा हात छातीवर ठेवून तीन श्वास तशाच उभ्या राहिल्या आणि मग पुढचं पाऊल टाकलं.

"ही जागा किती छान हाय, न्हाय?" शेजारी बसलेली तिथली शांती म्हणाली. "जुनी रीत असंल."

त्या रविवारी तिथे मावशीला दम लागला होता.

"व्हय," अनुसया म्हणाली, "जुनीच."

पुढच्या फेराला ती उठून मुलींमध्ये जाऊन उभी राहिली. तिसरं कडवं जवळ आलं तेव्हा तिनेही छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांबरोबर थांबली.